वैजनाथचा रिपोर्ट

हट्ट्याच्या आजूबाजूच्या चौदा गावांत वैजनाथला डॉक्टर म्हणतात. आपण डॉक्टर नाही, हे तो प्रत्येक नव्या माणसाला एकदा सांगतो. दुसऱ्यांदा सांगत नाही. दहावीनंतर त्यानं पशुधनाचा दोन वर्षांचा कोर्स केला, सरकारी जागा निघायची वाट पाहिली, ती निघाली नाही, तेव्हा एक जुनी मोटारसायकल घेतली आणि मागच्या सीटवर नायट्रोजनचं कॅन बांधलं. त्या कॅनात, हाडं गोठतील अशा थंडीत, वळूंच्या बीजाच्या कांड्या असतात. कुणाची गाय किंवा म्हैस माजावर आली की फोन येतो. वैजनाथ जातो, कांडी कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतो, खांद्यापर्यंत येणारा प्लॅस्टिकचा हातमोजा चढवतो, काम करतो, हात धुतो, चहा पितो आणि पुढच्या गावाला लागतो. तिसऱ्या आठवड्यात आठवणीनं फोन करून विचारतो, ‘‘उलटली का?’’ जनावर पुन्हा माजावर आलं तर ते उलटलं म्हणायचं; नाही आलं तर गाभ धरला असं समजायचं. बारा वर्षांत त्याच्या हातून किती कालवडी आणि वगारी जन्माला आल्या याची गणती त्यानं ठेवली नाही. ती लोकांनी ठेवली आणि दर वर्षी थोडी वाढवून सांगितली.

बोलायला तो कमी. ‘म्हैस गाभण आहे’ आणि ‘म्हैस वाचत नाही’ ही दोन्ही वाक्यं तो एकाच आवाजात बोलतो, त्यामुळे पुष्कळ शेतकरी खात्री करून घ्यायला दोनदा विचारतात. एक गोष्ट मात्र तो न विचारता सांगतो. कुणी म्हणालं, गाय भाकड निघाली, आता विकून टाकतो, की वैजनाथ म्हणतो, ‘‘गाईला नावं ठेवायच्या आधी कांडी तपासा.’’ बीज मेलेलं असू शकतं, वेळ चुकलेली असू शकते, भरणाऱ्याचा हात चुकलेला असू शकतो. गाय बिचारी शेवटी. हा नियम त्यानं चौदा गावांत लावला. घरात लावायला त्याला सहा वर्षं लागली.

त्याचं लग्न सिद्धेश्वर धरणाकडच्या दिपाशी झालं. दिपा बारावी झालेली, अक्षर चांगलं, हिशोबी बोलणारी. वैजनाथची आई शालूबाई हिला सून पहिल्या दिवसापासून पसंत होती, आणि हे तिनं सुनेला कधी कळू दिलं नाही. दुसऱ्या वर्षी दिपाला दिवस गेले. शालूबाईनं तिला जड हंडा उचलू दिला नाही, पण धुणं बंद केलं नाही. धुण्यानं अंग मोकळं राहतं असं तिचं म्हणणं होतं.

ते हळद शिजवायचे दिवस होते. कालव्याच्या बाजूला मुंजाजी नावाच्या शेतकऱ्याचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर-गोठा, आहे, तिथं तेव्हा आठ म्हशी होत्या. एका सकाळी मुंजाजीचा फोन आला की सातव्या महिन्यातली म्हैस गाभडली, मेलेलं वगारू पडलं आणि जार, म्हणजे वार, आत अडकलाय. वैजनाथ पोहोचला तेव्हा म्हैस मान टाकून उभी होती. पिशवीत पाहिलं तर हातमोजे संपलेले. मोजे आणायला जाऊन यायचं तर तासभर गेला असता. त्यानं बाह्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत उघडा हात घालून जार काढला. पुढच्या आठवड्यात तिथंच दुसरी म्हैस गाभडली. तेव्हाही हात उघडाच होता, कारण पहिल्या वेळी काही झालं नव्हतं. याआधी असं कधी झालं होतं का, हे त्यानं मुंजाजीला विचारलं होतं. मुंजाजी म्हणाला, न्हाई. खरं तर त्याआधी दोन म्हशी गाभडल्या होत्या, पण तिसरीला गिऱ्हाईक आलेलं होतं आणि मुंजाजीला गोठ्याचं नाव खराब करायचं नव्हतं.

दोन्ही दिवशीचे कपडे दिपानं दगडावर हातानं धुतले. तिला साडेतीन महिने झाले होते.

तीन आठवड्यांनी दोघांनाही ताप आला. दिवसभर बरं वाटायचं आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप चढायचा, मग अंथरूण भिजेपर्यंत घाम. सांधे दुखायचे. गावात टायफॉइडची साथ होती, म्हणून यांचाही टायफॉइड ठरला. सलाईन झाली. दिपाचा ताप उतरला. वैजनाथचाही उतरला, पण आठव्या दिवशी त्याच्या एका बाजूच्या वृषणाला सूज आली. शेवग्याच्या शेंगेचं बी असतं तेवढी नव्हे. चांगली लिंबाएवढी. त्यानं मेडिकलवाल्याला कंबर दुखते असं सांगून दुखायच्या गोळ्या घेतल्या, लंगोट घट्ट बांधला आणि कामाला लागला. सीटवर बसवत नव्हतं, तेव्हा आठ दिवस त्यानं मोटारसायकल उभ्यानं चालवली. रस्ते खराब असल्यामुळे कुणाला शंका आली नाही.

याच आठ दिवसांत दिपाला रक्त जायला लागलं. शालूबाई म्हणाली, पहिलटकरणीला असं थोडं होतं, पडून राहा. गावातली आशाताई दोनदा येऊन गेली आणि दवाखान्यात न्या म्हणून सांगून गेली. शालूबाईनं तिला दोन्ही वेळा चहा पाजला. वैजनाथनं आईला एकदा विचारलं, आई म्हणाली, बायकांचं बायकांना कळतं. आणि त्याला स्वतःलाच चालता येत नव्हतं, म्हणून त्यानं पुन्हा विचारलं नाही. चौथ्या दिवशी दिपाला वसमतला नेलं तेव्हा लेकरू गेलेलं होतं आणि आत सगळं नासलेलं होतं. पिशवी साफ केली, मग पुन्हा ताप, दहा दिवस इंजेक्शनं. दिपा घरी आली तेव्हा वैजनाथची सूज उतरली होती. सूज आली होती हेही त्यानं तिला सांगितलं नाही. सांगायला जागाच नव्हती.

त्यानंतर काही झालं नाही. एक वर्ष, दोन वर्षं, पाच. दिपानं औंढ्याचे सोळा सोमवार केले, आणि ते कमी पडले असतील म्हणून शालूबाईनं अजून सोळा करवले. हिंगोलीत सोनोग्राफी झाली, रक्त झालं, नळ्यांत रंग सोडून काढायचा एक्स-रे झाला. त्यात डावी नळी बंद निघाली. पिशवीत जंतू झाले की नळीला आतून चिकटा धरतो, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. उजवी चांगली उघडी आहे, एक नळी पुरते, हेही सांगितलं. डावी नळी बंद आहे ही बातमी आठ दिवसांत गावभर झाली. उजवी उघडी आहे ही बातमी घरातच राहिली.

वैजनाथची कंबर मधूनमधून दुखायची आणि काही संध्याकाळी अंग तापायचं. तो मोटारसायकलीला दोष द्यायचा.

मग दिपाच्या माहेरच्या कुणीतरी नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. दिपा भावाला घेऊन गेली. मॅडमनी दोन बोटं जाड फाईल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली, पुन्हा उलट चाळली आणि विचारलं, नवऱ्याचा रिपोर्ट कुठाय? दिपा म्हणाली, तो काढलेला नाही. मॅडमनी चष्मा काढला. पुढच्या वेळी रिपोर्ट आणा नाहीतर नवरा आणा, दोन्ही नसलं तर येऊ नका, म्हणाल्या.

वैजनाथला जायला चौदा महिने लागले. आधी हळद होती, मग लग्नसराई, मग जनावरांच्या लसीकरणाची मोहीम, मग नायट्रोजनची गाडी आली नाही, मग आली. तो नाही म्हणत नव्हता. जाऊ, म्हणायचा, आणि त्याच आवाजात म्हणायचा ज्यात तो सगळंच म्हणायचा. दिपानं भांडण केलं नाही. ती वाट पाहत राहिली.

एका सकाळी एक शेतकरी अंगणात येऊन सांगत होता की गाय चारदा उलटली, आता बाजार दाखवतो. वैजनाथनं त्याला नेहमीचं वाक्य ऐकवलं. दिपा अंगण झाडत होती. शेतकरी गेला, तिनं झाडू भिंतीला टेकवला.

‘‘गाईची फाईल दोन बोटं जाड झाली,’’ ती म्हणाली. ‘‘आता कांडी तपासा.’’

वैजनाथनं कॅनचं झाकण घट्ट लावलं. मग चहा मागितला. गुरुवारी तो नांदेडला गेला.

तिथं त्याला एक डबी दिली आणि एक खोली दाखवली. खोलीत भिंतीवर एका बाळाचं चित्र होतं, जे तिथं कुणाच्या उपयोगाचं असेल असं त्याला वाटलं नाही. बाकीचं काम कसंबसं झालं. दोन तासांनी कागद मिळाला आणि तो त्यानं बाहेरच्या बाकावर बसून वाचला. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. कोर्सच्या वेळी त्यानं वळूचं बीज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं होतं. आषाढातल्या ढगांसारखं ते घुसळत असतं. एका कांडीत दोन कोटी असतात. या कागदावर एका मिलीत वीस लाख लिहिले होते आणि त्यातले चालणारे शंभरात दहा. अशी कांडी आली असती तर त्यानं ती परत पाठवली असती.

मॅडमनी दोघांना समोर बसवलं आणि वैजनाथला विचारायला सुरुवात केली. लहानपणी नाही, मोठेपणी गालगुंड झालं होतं का? क्षयाची औषधं घेतली होती का? लग्नाआधी, नंतर बाहेर कुठं संबंध? लघवीला जळजळ, पू? वैजनाथ प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत गेला. मग त्यांनी विचारलं, कधी खाली सूज आली होती का?

वैजनाथनं सगळं सांगितलं. म्हशी, उघडा हात, संध्याकाळचा ताप, लिंबाएवढी सूज, आठ दिवस उभ्यानं गाडी. जनावराची हकीकत सांगावी तसं, तारीखवार. दिपा त्याच्याकडे बघत होती.

‘‘हे मला काहून न्हाई सांगितलं?’’ तिनं विचारलं.

‘‘तू दवाखान्यात होतीस.’’

‘‘अन् नंतर?’’

मॅडमनी मध्ये पडून दोघांच्या रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. आठवड्यानं त्या आल्या. गाभडणाऱ्या जनावरांचा जो रोग असतो, ज्याचं ब्रुसेल्ला हे नाव वैजनाथनं कोर्समध्ये पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं आणि ज्यावर त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते, त्याच्या खुणा दोघांच्याही रक्तात होत्या. त्याच्यात जास्त, तिच्यात कमी.

मॅडमनी समजावून सांगितलं ते असं. हा जंतू जारात, मेलेल्या वगारात, कच्च्या दुधात असतो. हाताला खरचटलेलं असलं तरी त्याला पुरतं. पुरुषाच्या अंगात गेला की कधी सांध्यात बसतो, कधी कंबरेत, कधी वृषणात. तिथं सूज येते आणि बीज तयार होण्याचं किंवा वाहून जाण्याचं काम बिघडतं. पोटुशी बाई असेल तर लेकरू पडू शकतं. दिपाचं त्यामुळंच पडलं का, हे इतक्या वर्षांनी छातीठोक सांगता येणार नाही, पण शक्यता दाट आहे. डावी नळी मात्र नंतरच्या जंतूंनी बंद झाली. मेलेला गर्भ आत राहिला, उशीर झाला, त्यानं. लवकर औषध मिळालं असतं तर दोघांचंही पुष्कळ वाचलं असतं. अजूनही काही वाचेल, पण सगळं परत येईल असं मी सांगणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

येताना बसमध्ये दिपा खिडकीकडे बसली होती. वसमत आलं. मग म्हणाली, तुमच्या कंबरेला मी इतकी वर्षं तेल लावून राहिले. वैजनाथ म्हणाला, बरं वाटायचं त्यानं.

दीड महिना दोघांनी दोन-दोन प्रकारच्या गोळ्या घेतल्या. एका गोळीनं लघवी नारिंगी व्हायची. शालूबाईनं एकदा ते पाहिलं आणि सुनेला कावीळ झाली असं शेजारी सांगून आली. वैजनाथची कंबर तिसऱ्या आठवड्यात दुखायची थांबली, तेव्हा त्याला कळलं की मोटारसायकल निर्दोष होती.

औषध सुरू असतानाच तो मुंजाजीकडे गेला. उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून दूध आणि रक्त तपासून घ्यायला लावलं. गोठ्यातल्या चार म्हशींत रोग निघाला. त्या वेगळ्या बांधायच्या, दूध उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही, गाभडलेलं काही पडलं तर चुना टाकून खोल पुरायचं, लहान वगारींना लस द्यायची, एवढं वैजनाथनं सांगितलं. मुंजाजी म्हणाला की डॉक्टरनं माझ्या गोठ्याची बदनामी केली. त्या दिवसापासून तो वैजनाथशी बोलत नाही. वगारींना लस मात्र त्यानं दिली, दुसऱ्या माणसाकडून.

एवढं होऊनही घरात शालूबाईला खरं माहीत नव्हतं. दोघं नांदेडला जातात, दिपाचा इलाज चाललाय, एवढंच ती धरून होती. सांगायचं वैजनाथच्या मनात होतं, पण आईपुढं असा विषय कोणत्या तोंडानं काढायचा हे त्याला सुचत नव्हतं.

मग त्याच्या चुलतभावाच्या बायकोचं, मिनाचं, डोहाळे जेवण निघालं. वाड्यावस्तीवरच्या वीसेक बायका जमल्या. मिनाला हिरवी साडी नेसवून झोक्यावर बसवली. ओटी भरायची वेळ आली तशी शालूबाईनं दिपाला हळूच सांगितलं की तू आत भजे बघ. दिपा आत गेली आणि भजे बघू लागली. भजे आधीच तळून झाले होते.

वैजनाथ जेवायला म्हणून आला होता. त्यानं ओसरीवरून पाहिलं, दिपा कुठाय विचारलं, आत आहे असं कळलं. कपाळावर हेल्मेटचा वळ होता, पँटीला शेण लागलेलं होतं. तो तसाच बायकांच्या घोळक्याजवळ येऊन उभा राहिला.

‘‘माय, काकू, ऐका,’’ तो म्हणाला. ‘‘दिपाला आत ठेवायचं काही कारण न्हाई. लेकरू होत न्हाई ते माझ्याच्यानं. मुंजाजीच्या म्हशीचा रोग मला लागला. माझे कपडे धुऊन तिला लागला अन् पहिलं लेकरू गेलं. नांदेडचा कागद खिशात आहे. कोणाला वाचायचा असंल तर वाचा.’’

कुणीही कागद मागितला नाही. बायका फरशीकडे पाहत होत्या. एकीच्या हातातला नारळ ओटीत पडायच्या बेतात तसाच राहिला. वैजनाथनं कागद पुन्हा खिशात घातला आणि विचारलं, जेवायला केव्हा वाढणार, दोन फोन आलेले आहेत.

झोक्यावरून मिनानं आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, ‘‘दिपाताई, या. तुमी भरा माझी ओटी.’’

दिपा पदराला हात पुसत आली आणि तिनं ओटी भरली. तांदूळ थोडे जास्तच पडले.

संध्याकाळी घरी शालूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि दिपा भाजत होती. वैजनाथ दारात बसून कॅनचं झाकण पुसत होता, जे पुसायची गरज नव्हती. पाचवी भाकरी तव्यावर टाकताना शालूबाई बोलली.

‘‘तीन दिस म्याच तुला घरात ठेवलं.’’

‘‘व्हय,’’ दिपा म्हणाली.

शालूबाईनं पुढचा गोळा घेतला. तो नीट थापला जाईना. दिपानं तिच्या हातातून परात घेतली आणि उरलेल्या भाकरी स्वतः थापल्या. शालूबाई बाजूला बसून राहिली, पदर तोंडाला लावून. जेवताना तिनं सुनेच्या ताटात दोनदा दूध वाढलं.

ओसरीवरची गोष्ट दोन दिवसांत चौदा गावांत पोहोचली. वैजनाथला वाटलं होतं लोक हसतील. काही हसले. पण महिनाभरातच एक नवी गोष्ट सुरू झाली. तो कुठं पुलाजवळ, कुठं आखाड्यावर कॅन बांधत असला की एखादा माणूस उगाच जवळ येऊन उभा राहायचा, पावसाचं बोलायचा, आणि मग आवाज खाली आणायचा. एकाला विसाव्या वर्षी गालगुंड होऊन खाली उतरलं होतं. एक ट्रक चालवायचा. त्यानं कनेरगाव नाक्याच्या पुढं कुठंतरी एका बाईकडून तकलीफ लावून घेतली होती, मेडिकलमधून अर्ध्या गोळ्या खाऊन थांबवली होती आणि ती बायकोला देऊन ठेवली होती. आता तिचं ओटीपोट दुखायचं आणि दोष तिचाच होता. वैजनाथ त्यांना औषध सांगत नसे. नांदेडच्या मॅडमचा पत्ता द्यायचा किंवा सरकारी दवाखान्यात कोणत्या खोलीत जायचं ते सांगायचा, आणि म्हणायचा, ‘‘दोघं जा. एकटीला पाठवू नको.’’

सहा महिन्यांनी त्याचं बीज पुन्हा तपासलं. वीस लाखांचे नव्वद लाख झाले होते, चालणारे शंभरात पस्तीस. एक बाजू कामातून गेलेली होती, दुसरी सावरली होती. नव्वद लाख हा आकडा शाबासकीचा नाही, मॅडम म्हणाल्या, पण बीज धुऊन, चांगलं तेवढं वेचून, बारीक नळीनं पिशवीत सोडता येईल. हे तीनदा करून बघू.

वैजनाथनं हे शांतपणे ऐकलं आणि पहिल्या खेपेच्या दिवशी, दिपा टेबलावर असताना, प्रश्न विचारायला सुरुवात केली. बीज किती गरम पाण्यात ठेवता? बाईचं बीज फुटल्यावर किती तासांच्या आत सोडता? नळी कुठपर्यंत घालता? दाबताना झटका तर देत नाही ना? मॅडमनी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दिली. चौथ्याला म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा. टेबलावर पडलेली दिपा हसायला लागली, इतकी की नर्सनं तिला हलू नका म्हणून सांगितलं.

पहिल्या खेपेला सोळाव्या दिवशी फोन आला. वैजनाथ एका शेतात होता.

‘‘उलटली,’’ दिपा म्हणाली.

तो ठीक आहे म्हणाला. मग कॅनचा पट्टा तीनदा सोडून तीनदा बांधला. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं. तिसरी झाल्यावर दिपानं सांगून टाकलं की ही शेवटची, यापुढं मी टेबलावर चढणार नाही. या वेळी सोळावा दिवस गेला, विसावा गेला, फोन आला नाही. बारा वर्षं लोकांना तिसऱ्या आठवड्यात फोन करणारा माणूस स्वतःच्या घरी विचारू शकला नाही. चोविसाव्या दिवशी ती ताट वाढताना म्हणाली, ‘‘न्हाई उलटली.’’ त्यानं वरण मागितलं.

त्यानंतरचे महिने घरात कुणी मोकळा श्वास घेतला नाही. वैजनाथ कामावरून आला की पंपाजवळ स्वतःचे कपडे स्वतः धुऊन, अंघोळ करून मगच उंबरा ओलांडायचा. लोक बघायचे, तो पिळत राहायचा. शालूबाईनं सुनेला दवाखान्यात न्यायचं काम स्वतःकडे घेतलं. दिपानं कंबरेला हात लावला की ती रिक्षा बोलवायची, कुणाला विचारायची नाही. चौथ्या महिन्यात ती सुनेला पाचदा वसमतला घेऊन गेली. तीनदा काही नव्हतं आणि दोनदा वात होता. डॉक्टर म्हणाले, आजी, रोज यायची गरज नाही. शालूबाई म्हणाली की मी एकदा आले नव्हते, आता येते.

दिवाळीनंतर मुलगी झाली, अडीच किलोची. नाव शालूबाईनं ठेवलं, सृष्टी. हे नाव तिला टीव्हीवरून सापडलं होतं आणि बदलायची कुणाची छाती नव्हती. दुसऱ्याची फार आशा धरू नका, असं मॅडमनी जाताना सांगितलं. दोघांनी मान हलवली.

आता शालूबाईचा नवा उद्योग सुरू आहे. गावात कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं की ती त्या घरी जाते, चहा घेते आणि मुलाच्या आईला विचारते, पोराचा रिपोर्ट काढला का? ताप येऊन गेला होता का, गालगुंड झालं होतं का, गोठ्यात काम करतो का. लग्नानंतर सुनेला दोष द्यायचा नसेल तर आत्ताच कागद करून ठेवा, म्हणते. वैजनाथनं तिला सांगून पाहिलं की असं दारोदार विचारत फिरायचं नसतं. ती म्हणाली, तू ओसरीवर सांगितलं ते चाललं, मी सांगितलेलं चालत न्हाई व्हय? आता ती येताना दिसली की लग्नघरातल्या बायका दार लोटून घेतात.

दार लोटलं नाही ते फक्त फातिमाबीनं. ती मागच्या गल्लीत राहते, बारा शेळ्या पाळते. तिच्या लग्न ठरलेल्या मुलाला, मुबश्शीरला, सतराव्या वर्षी मोठं गालगुंड झालं होतं आणि तेव्हा तो चार दिवस पाय फाकवून चालत होता, हे शालूबाईनं बराबर लक्षात ठेवलेलं होतं. फातिमाबी घाबरली. मुबश्शीर तीन दिवस रुसला, मग वैजनाथच्या मागे बसून नांदेडला गेला.

त्याचा रिपोर्ट चांगला आला. फातिमाबीनं गल्लीत पेढे वाटले. शालूबाईचा थोडा हिरमोड झाला, पण तिनं तो दाखवला नाही. पेढा घेतला आणि शेळ्यांत कुणी गाभडली का ते विचारलं.